फॉरवर्डनं सारखे क्लब बदलावेत का, आणि बदलताना काय बघावं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ २० वर्षांचा, फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळतो, म्हणजे गोल मारायच्या जागेवर, आधी पेठेची टीम, मग पुण्यात एक सीझन, मग मुंबईत एक सीझन, आणि आता गोव्याहून बोलावणं आलंय. वडील म्हणतायत पोरगं एका जागी टिकत नाही, असल्यानं करिअर होत नसतं. त्यावर भाऊ त्यांना फ्रान्सचा फॉरवर्ड निकोला अनेल्का याचं उदाहरण देतो, तो बारा क्लबकडनं खेळला म्हणून. आणि तुम्हाला विचारायचंय की दोघांत बरोबर कोण.

मी स्वतः १४ सीझन फॉरवर्ड खेळलो. सुरुवात कोल्हापुरात, मग मुंबई, गोवा, कोलकाता, बेंगळुरू आणि शेवटची तीन वर्षं परत कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर. आता पोरांना शिकवतो. त्यामुळं या विषयावर मनापासून लिहितोय, जरा लांबेल, पण वाचा.

आधी वडिलांचं. त्यांचा राग मला पटतो कारण आपल्याकडं टीम म्हणजे नुसता क्लब नसतो, ती तालीम असते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं म्हणजे घरचा पत्ता आहे. केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नोंदणीचे दिवस आले की कुठलं पोरगं कुठं जाणार याच्यावर कट्ट्या-कट्ट्यावर चर्चा चालतात आणि शेजारच्या पेठेनं पोरगं नेलं तर ते घरातलं कुणीतरी पळवल्यासारखं वाटतं. मी पहिल्यांदा पेठ सोडली तेव्हा माझे वडील दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत, जेवताना ताट समोर ठेवायचे आणि उठून जायचे. ही ईर्षा आहे म्हणून कोल्हापुरात मॅचला स्टेडियम भरतं, बाकी महाराष्ट्रात लीगच्या मॅचला माणसं शोधावी लागतात. पण ताई, पेठेचा हिशोब प्रोफेशनल फुटबॉलला लावला की गणित चुकतं. तिथं निष्ठेची किंमत नाही असं मी म्हणत नाही, पण तिथं पोरगं पोट भरायला गेलंय.

आता फॉरवर्डच जास्त का फिरतो ते सांगतो. गोलकीपर, बॅकी म्हणजे डिफेंडर, यांचं काम हळूहळू दिसतं, दोन-तीन वर्षं एकत्र खेळून त्यांची लाईन बसते, म्हणून क्लब त्यांना धरून ठेवतो. फॉरवर्डला घेतात गोलसाठी आणि काढतातही गोलसाठी. कोच बदलला, त्यानं दोन फॉरवर्डचा एक केला, की दुसरा बेंचवर. टीम खाली घसरली की सीझनच्या मध्यात पहिली ओरड असते, एक फॉरवर्ड आणा. म्हणजे त्याला मागणीही जास्त आणि हकालपट्टीही लवकर. त्यात गोल ही एकट्याची गोष्ट नाही हे लोक विसरतात. फॉरवर्ड ९० मिनिटांत बॉलला किती वेळ पाय लावतो हे कधी मोजून बघा, फार नसतं ते. जो बॉल येतो तो कुणीतरी दिलेला असतो. म्हणून कुठलंही पोरगं माझ्याकडं येऊन म्हणालं, सर अमुक क्लबनं बोलावलंय, की मी पगार नंतर विचारतो, आधी विचारतो की तिथं तुला बॉल देणार कोण. माझ्या १४ सीझनचं सार हेच आहे आणि अनेल्काची कारकीर्दही मी याच एका प्रश्नातनं वाचतो.

अनेल्का पॅरिसच्या बाहेर त्राप नावाच्या गावात वाढला, पॅरिसच्याच पीएसजी क्लबकडनं सुरुवात केली आणि १९९७ मध्ये, अजून १८ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, आर्सेनलनं त्याला साधारण ५ लाख पौंडात उचलला. तिथं मागं बर्गकॅम्प, बाजूला ओव्हरमार्स, मधे विएरा आणि पेती. त्याची सगळी ताकद होती डिफेंडरच्या पाठीमागं पळण्यात, आणि बर्गकॅम्पसारखा माणूस तो पळायच्या आधीच बॉल टाकायचा. १९९८ ला आर्सेनलनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकलं, कपच्या फायनलला न्यूकॅसलविरुद्ध दुसरा गोल याचा. पुढच्या सीझनला लीगमध्ये १७ गोल. मग १९९९ ला रियल माद्रिदनं २ कोटी पौंडांच्या वर पैसे मोजले. दोन वर्षांत ५ लाखाचे २ कोटी. पैसा तिथं, नाव तिथं, पण रियलमध्ये आधीच राऊल आणि मोरिएन्तेस होते, त्यांची एकमेकांशी सवय जमलेली, आणि हा २० वर्षांचा, अबोल, नवीन भाषेत अडकलेला. प्रॅक्टिसला जायचं नाकारलं म्हणून क्लबनं ४५ दिवस सस्पेंड केला. आणि त्याच सीझनला, परत आल्यावर, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बायर्नविरुद्ध दोन्ही मॅचमध्ये गोल मारले आणि रियल ती ट्रॉफी घेऊन गेलं. म्हणजे पोरात खेळ नव्हता असं नाही, फक्त ते घर त्याचं नव्हतं.

तुमच्या भावाचं वय आज तेवढंच आहे, म्हणून हा भाग मुद्दाम सांगितला.

अनेल्का पुढं परत पीएसजीला, कोचशी पटलं नाही. लिव्हरपूलला अर्ध्या सीझनच्या लोनवर, म्हणजे उसना, बरा खेळला पण त्यांनी कायमचा घेतला नाही. मँचेस्टर सिटी, तिथं कीगन मॅनेजर होता, त्यानं याला मोकळं सोडलं आणि गोल आले. २००५ ला तुर्कस्तानात फेनरबाचे, तिथं लीग जिंकली. आणि मग २००६ ला बोल्टन. रियलकडनं खेळलेला माणूस बोल्टनसारख्या छोट्या क्लबला जातोय म्हटल्यावर लोकांना वाटलं संपला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय तो. बोल्टन लांब बॉल टाकायचं, केविन डेव्हिस हवेत भिडायचा, हेडला डिफेंडर गुंतवायचा आणि सुटलेल्या बॉलवर अनेल्का. साधं काम पण त्याच्या पायाला बरोबर बसणारं. दीड वर्षात चेल्सीनं दीड कोटी पौंड देऊन नेला. पायरी उतरून परत वर चढला तो.

चेल्सीत पहिले सहा महिने जागा सापडेना, मॉस्कोच्या २००८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला शेवटची पेनल्टी त्याचीच, समोरचा गोलकीपर व्हॅन डर सारनं अडवली आणि कप गेला. दुसरा कुणी असता तर मोडला असता. पुढच्या सीझनला चेल्सीचा मुख्य फॉरवर्ड ड्रोग्बा बराच काळ नसताना हा मधे खेळला आणि लीगमध्ये १९ गोल मारून सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट नेला. २०१० ला लीग आणि एफए कप. त्यानंतरचे क्लब मात्र, मी स्पष्ट सांगतो, मला फुटबॉलसाठी घेतलेले वाटत नाहीत. शांघायला मोठा पगार, युव्हेंटसला नावापुरत्या मॅचेस, वेस्ट ब्रॉममध्ये गोल मारल्यावर केलेल्या, ज्यूविरोधी मानल्या गेलेल्या हाताच्या खुणेवरनं पाच मॅचची बंदी आणि करार खलास. मग २०१४ ला आपल्या मुंबई सिटीकडं, आणि २०१५ ला तिथंच खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही.

२०१४ ला मी त्याला बघायला मुद्दाम नवी मुंबईच्या डीवाय पाटील स्टेडियमला गेलो होतो, कोल्हापूरहून रात्रीची गाडी पकडून. ३५ वर्षांचा होता. मी पूर्ण वेळ बाकी काही बघितलं नाही, फक्त त्याला बघितलं. पहिली वीस मिनिटं तो डिफेंडरच्या पाठीला चिकटून उभा, दोनदा पळाला, दोन्ही वेळा बॉल आला नाही. तिसऱ्या वेळी पळालाच नाही. हळूच चालत सेंटर सर्कलपर्यंत खाली आला, बॉल स्वतः घेतला, एका टचमध्ये वळला आणि डिफेंडरच्या मधून जाणारा जो थ्रू पास त्याला पाहिजे होता तो त्यानंच दुसऱ्याला टाकला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला हा पळत का नाही. मला मात्र डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं, कारण मी कोलकात्यात एक अख्खा सीझन हेच केलेलं.

माझं सांगतो थोडं. गोव्यात गेलो तेव्हा माझं वय २२. तिथला राईट विंगर माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. पहिल्या आठवड्यात मी फक्त त्याचे पाय बघितले. बॉल उजव्या पायावर असला की तो लाईनपर्यंत नेऊन क्रॉस टाकणार, आणि डाव्यावर घेतला की एकदा मान वर करणार, नेमकी एकदाच, आणि पहिल्या पोस्टला खालून मारणार. ती मान वर व्हायची वेळ आणि माझी पळायची वेळ जुळवायला मला पाच आठवडे लागले. त्याच्यानंतर त्या सीझनला माझे जेवढे गोल झाले त्यातले अर्ध्याहून जास्त त्याच्या पासवर, आणि पेपरात नाव माझं. दोन वर्षांनी कोलकात्यात पगार जास्त मिळतोय म्हणून गेलो, काहीच विचारलं नाही. तिथली लीग पावसाळ्यात, ग्राउंडवर घोट्यापर्यंत चिखल, मी आपले नेहमीचे छोट्या स्टडचे, म्हणजे तळाला छोटे खिळे असलेले बूट घालून गेलेलो, पहिल्या मॅचला वळताना तीनदा पडलो. टीम सगळी मागं बसून खेळणारी, बॉल यायचा तो बॅकीनं आकाशात मारलेला. आणि मी साडेपाच फूट. सात महिन्यांतला दोन महिन्यांचा पगार मिळाला, बाकीचा आजतागायत नाही, कारण माझ्याकडं सही केलेला कागद नव्हता, नुसता एका माणसाचा शब्द होता. मांडीचा स्नायू फाटला त्याचा खर्च घरनं मागवला. वडिलांनी पाठवला, एक शब्द न बोलता.

या गोष्टी जगात सगळीकडं अशाच चालतात. उरुग्वेचा सेबास्तियन अब्रेऊ बघा, एल लोको म्हणायचे त्याला. सगळ्यात जास्त क्लबकडनं खेळल्याचा गिनेस रेकॉर्ड त्याच्या नावावर लागला, २०१७ च्या शेवटी चिलीच्या ऑडॅक्स इटालियानोला गेला तो २६ वा क्लब, आणि २०२१ मध्ये ४४ व्या वर्षी थांबला तोवर आकडा ३० च्या वर. एवढं कोण का घेत राहिलं त्याला? कारण काय मिळणार हे प्रत्येक क्लबला आधी माहिती होतं. उंच माणूस, हवेतला बॉल त्याचा, बॉक्समध्ये उभा करा आणि बाजूनं क्रॉस टाका. एकच काम, पण पक्कं. ते काम कुठल्याही देशात चालतं. आणि डोकं थंड किती, तर २०१० च्या वर्ल्डकपला घानाविरुद्ध क्वार्टरफायनलची शेवटची पेनल्टी, अख्खा देश श्वास रोखून, आणि यानं अलगद चिप मारून मधोमध टाकली. भावाला विचारा, तुझं असं एक काम कुठलं, जे तू गोव्यातही करशील आणि शिलाँगमध्येही. उत्तर लगेच आलं तर पोरगं फिरायला तयार आहे. आठवावं लागलं तर आधी तेवढं एक पक्कं करायला पाहिजे, मग क्लब.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण पाहिजे तर सुनील छेत्री. आज लोकांना तो बेंगळुरूचा वाटतो, पण २०१३ ला बेंगळुरूला यायच्या आधी २००२ पासून मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेत कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, परत मोहन बागान, पोर्तुगालात स्पोर्टिंगची बी टीम, चर्चिल ब्रदर्स. अकरा वर्षांत एवढी ठिकाणं. २००९ ला इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबशी जमलं होतं तर वर्क परमिट मिळालं नाही, का तर भारताचा फिफा रँक पहिल्या ७० मध्ये नाही. अमेरिका, पोर्तुगाल दोन्हीकडं फार खेळायला मिळालं नाही. तेव्हा कुणी वहीत क्लब मोजत बसला असता तर म्हणाला असता याचं काही खरं नाही. पण तो परत येऊन खेळत राहिला, २०१५ ला मुंबई सिटीकडनं आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, हॅटट्रिक मारणारा पहिला भारतीय झाला, तेव्हा त्याचा मॅनेजर हाच अनेल्का. २०२४ च्या जूनमध्ये देशासाठी ९४ गोल करून थांबला आणि २०२५ ला परत येऊन ९५ वा मारला. त्याच्याआधी भाईचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी नावाच्या क्लबला गेला तेव्हाही लोक असंच बोलले होते.

कोल्हापूरचंच पोरगं, अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळलं. तेही पेठेत बसून नाही झालं, लहानपणी घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, मग फेडरेशनची तरुण पोरांची टीम इंडियन ॲरोज, मग जमशेदपूर.

आता गोव्याचं नेमकं. जायच्या आधी त्या टीमच्या दोन-तीन मॅचेस बघायला सांगा, ऑनलाईन असतील नाहीतर तिथं जाऊन, आणि त्यात फॉरवर्डला अजिबात बघू नकोस म्हणावं. विंगर बघ, मधला हाफ बघ, बॉल मिळाल्यावर पहिली नजर पुढं जाते की मागं ते बघ. कोच किती दिवसांसाठी आहे ते विचार, कारण ज्यानं बोलावलंय तोच निघून गेला तर नवीन माणूस आपली पोरं आणतो. आधीच तिथं किती फॉरवर्ड आहेत आणि त्यातला कोण गावचा लाडका आहे हे पण.

मग कागद. तोंडी काही नाही. करार किती महिन्यांचा, पगार दर महिन्याच्या किती तारखेला, राहायची-जेवायची सोय कुणाची, दुखापत झाली तर ऑपरेशन, एमआरआय, फिजिओ याचा खर्च कोण करणार, आणि मधेच सोडलं तर काय. दुखापतीची ओळ नसेल तर सही नको, मग पगार कितीही असूदे. मुंबईच्या टीमकडनं एनओसी लेखी घ्यायची आणि फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाईन नोंदणीच्या सिस्टीमवर त्याची नोंदणी खरंच झालीय का ते स्वतः तपासायचं, कारण नाव चढलं नाही तर पोरगं सीझनभर नुसतं प्रॅक्टिस करत बसतं, असं मी डोळ्यांनी बघितलंय. फिफाचा नियम असा आहे की एका सीझनला जास्तीत जास्त तीन क्लबकडं नोंदणी करता येते आणि ऑफिशियल मॅच फक्त दोन क्लबकडनं खेळता येते, म्हणजे घाईत दोनदा उडी मारली की उरलेला सीझन गेला. एजंट म्हणून कोणी मधे असेल तर लायसन्स आहे का विचारा. फिफानं २०२३ पासून एजंटांना परीक्षा परत लावलीय, नुसतं व्हिजिटिंग कार्ड पुरत नाही.

पेठेच्या टीमकडचे जुने नोंदणीचे कागद पण जपून ठेवा. खेळाडू उद्या पैसे घेऊन एका देशातनं दुसऱ्या देशाच्या क्लबला गेला तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे असतात. लांबची गोष्ट वाटेल, पण नोंदच नसेल तर हक्क सांगायचा कशावर.

एक गोष्ट वडिलांच्या बाजूची. २०२५ च्या जुलैमध्ये हक्कांच्या कराराच्या घोळात आयएसएलचा सीझनच थांबवून ठेवला होता, देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या पोरांना कळेना पुढं काय. म्हणून डिग्री पाहिजेच. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरा, गोव्यातही अभ्यास होतो, संध्याकाळी प्रॅक्टिस झाल्यावर हॉस्टेलवर मोबाईल बघण्याशिवाय पोरं काय करतात. माझी डिग्री राहिली, ती मी ३६ व्या वर्षी पूर्ण केली.

आणि तिथं गेल्यावर पहिल्या महिन्यात गोल नाही आले तर घाबरायचं नाही आणि घरनं रोज फोन करून आज गोल झाला का असं विचारायचं नाही, हे तुम्हा सगळ्यांना सांगतोय. त्या महिन्यात त्यानं भाषा ऐकावी. आपल्याकडं पाठीमागनं डिफेंडर आला की आपण ओरडतो आला आला. गोव्यात ओरडतात फाटल्यान. कोलकात्यात पेछोने. बेंगळुरूला हिंदे. हा एक शब्द कानात बसायला मला प्रत्येक ठिकाणी थोडे दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत प्रत्येक ठिकाणी मी एक-दोन वाईट टक्कर खाल्ल्या. तो शब्द कळायला लागला की टीम आपली वाटायला लागते.

माझं मत विचाराल तर तीन सीझनला तीन टीम हा आकडा वाईट नाही. पेठेतनं पुणे, पुण्यातनं मुंबई, प्रत्येक वेळी वरच्या लेव्हलला गेलाय. मला एवढंच जाणून घ्यायचंय की मुंबई सोडताना तो तिथं खेळत होता की बेंचवर होता, आणि बेंचवर असेल तर का. हे त्याच्याकडनं खरं काढून घ्या, रागावून नको, जेवायला वाढताना सहज विचारा. आणि गोव्याचा कराराचा कागद आला की सही करायच्या आधी मला दाखवा, मी ओळ न् ओळ वाचून सांगतो. लांब स्टडचे बूट मात्र आत्ताच घ्यायला सांगा, नवीन बूट मॅचला पहिल्यांदा घालायचे नसतात, आधी पंधरा दिवस प्रॅक्टिसला घालून पायाची सवय होऊदे.